ढोली राखा, दयाळ राखा

चैत्र-वैशाखात झुंजुमुंजू असताना छत्रपती संभाजीनगरात दिल्ली गेटजवळच्या हिमायतबागेत जा. झाडाच्या शेंड्यावर एक काळा-पांढरा पक्षी जीव ओतून गात असतो. तो दयाळ नर. लांबी जेमतेम 19 सेंटिमीटर, पण गळा असा की पाय आपोआप थबकतात.

दयाळाला घरट्यासाठी ढोली लागते. जुन्या चिंचेची, आंब्याची, नाहीतर पडक्या भिंतीतले भोक. पोटासाठी तो जमिनीवर उतरून पालापाचोळ्यातले किडे वेचतो. मोगलकाळापासूनची, आज कृषी विद्यापीठाच्या फळ संशोधन केंद्राकडे असलेली ही बाग त्याला दोन्ही देते. बाहेरच्या शहरात मात्र आपणच ते हिरावून घेतो. धोक्याचे म्हणून जुने खोड पाडतो, कचरा म्हणून पाला जाळतो, भिंतीच्या फटी सिमेंटने बुजवतो. बदल्यात लावलेल्या रोपाला ढोली पडायला कित्येक दशके जातात. तोवर दयाळाने अंडी कुठे घालायची?

कॅमेरावाल्या मित्रांनो, तुमच्याकडे पहिले मागणे. मोबाइलवर त्याचा आवाज लावून त्याला बोलावू नका. प्रतिस्पर्धी आला असे समजून नर पिलांना भरवणे सोडून भांडायला धावतो. घरट्यासमोरची डहाळी छाटू नका, फ्लॅश मारू नका. उघडे पडलेले घरटे कावळ्याच्या नजरेतून सुटत नाही. लांबची लेन्स, थोडी आडोशाची जागा आणि संयम एवढे पुरे.

आणि तुमचा फोटो नुसता मिरवायला ठेवू नका, त्याचा पुरावा करा. झाड, जागा, तारीख लिहून ठेवा. घरट्याची जागा मात्र जाहीर करू नका. नागरी भागातल्या झाडांसाठी राज्यात 1975 पासून कायदा आहे. 2021 च्या दुरुस्तीने 50 वर्षे आणि त्याहून जुन्या झाडांना वारसा म्हणून वेगळे स्थान दिले. हा कायदा आपण मागितला तरच कामी येईल.

5 नोव्हेंबर हा अरण्यलेखक मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, 12 नोव्हेंबर पक्षितज्ज्ञ सालिम अलींचा. या दोन तारखांमधला आठवडा महाराष्ट्र पक्षी सप्ताह म्हणून पाळतो. सालिम अलींचे नाव आपण आपल्या शहरातल्या सरोवराला दिले आहे, त्या नावाला जागू या. या सप्ताहात गल्लीतल्या, शाळेतल्या, कॉलनीतल्या प्रत्येक जुन्या ढोलीच्या झाडाची फोटोंसह यादी करा आणि महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाकडे देऊन पोच घ्या. सोसायटीच्या कोपऱ्यात पाला पडू द्या, जाळू नका. कुऱ्हाड झाडापाशी पोहोचण्याआधी आपला अर्ज पोहोचलाच पाहिजे.