चोरी डिझेलची, वसुली चालकाकडून

वाहनाच्या टाकीतून डिझेल किंवा पेट्रोल चोरीस जाणे ही बाब वृत्तपत्रांच्या लेखी चार ओळींची, पोलिसांच्या लेखी कटकटीची आणि मालकाच्या लेखी चालकाच्या लबाडीची असते. आपल्या चळवळीच्या लेखी ती कसलीच नसते, ही त्याहून खेदाची गोष्ट आहे. महागाईवर मोर्चे काढणाऱ्या, खासगीकरणावर ठराव करणाऱ्या कार्यकर्त्यांना टाकीला पडलेले भोक हा राजकीय प्रश्न वाटत नाही. तो तसा आहे, आणि १ जुलै २०२४ पासून तर तो अधिकच तसा झाला आहे, हे दाखविण्यासाठी हा लेखनप्रपंच.

यवतमाळ जिल्ह्यात तरी या प्रश्नाला किरकोळ म्हणण्याची सोय नाही. नागपूरहून हैदराबादेकडे जाणारा महामार्ग वडकी, करंजी, पांढरकवडा, पाटणबोरी असा या जिल्ह्यातून जातो. वणीच्या पट्ट्यात वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या खाणी आहेत आणि त्यांच्या कोळशाचे ट्रक व टिप्पर रात्रंदिवस धावत असतात. कापूस, सोयाबीन, तूर हे सारे रस्त्यानेच बाजार समितीत येते. यवतमाळला मूर्तिजापूरशी जोडणारी शकुंतला बंद पडली. वर्धा–यवतमाळ–नांदेड मार्गावरील गाडी २०२४ साली पोहोचली ती कळंबपर्यंत. रेल्वेने ज्या जिल्ह्याला इतकी वर्षे ताटकळत ठेवले, त्याचे दळणवळण डिझेलवर चालणार हे उघड आहे. ते डिझेल रात्री ढाब्यापुढे उभ्या असलेल्या ट्रकमध्ये असते, शेताच्या बांधावर लावलेल्या ट्रॅक्टरमध्ये असते, बसस्थानकाबाहेरच्या काळी-पिवळीत असते. ज्यांच्याजवळ कुलूपबंद गॅरेज आणि पहारेकरी आहेत, त्यांच्या गाडीला चोराचा हात सहसा लागत नाही.

चोरीची पद्धतही बदलली आहे. पूर्वी टाकीत रबरी नळी सोडून इंधन ओढून घेत. आता पुष्कळ गाड्यांच्या टाकीच्या तोंडाशी जाळी किंवा पडदा असतो, नळी आत जात नाही. म्हणून चोर गाडीखाली शिरून टाकीच्या बुडालाच भोक पाडतो किंवा इंधनाची नळी कापतो. त्याच्या कॅनमध्ये जाते त्याच्या कितीतरी पट नुकसान तो मागे ठेवून जातो. मोटारीची प्लास्टिकची टाकी नीट सांधता येत नाही, ती बदलावी लागते. पत्र्याची टाकी सांधता येते, पण रिकामी दिसणारी टाकी वाफेने भरलेली असते. ती नीट न धुता वेल्डिंगला लावली तर स्फोट होतो आणि गॅरेजमधला पोरगा जिवाला मुकतो. पेट्रोलची वाफ हवेहून जड असल्याने ती गाडीखालीच साचून राहते, तिला एक विडी पुरते. सक्तीचा जो तृतीय पक्ष विमा बहुतेक गरीब वाहनधारकांजवळ असतो, त्यात यातील एका पैचीही भरपाई बसत नाही.

आता हा तोटा कोणी सोसायचा? भाडोत्री गाडीच्या मालकाजवळ याचे उत्तर तयार असते. खेपेला इतके लिटर, किलोमीटरला इतके, असा हिशेब ठरलेला. तूट आली की ती चालकाच्या पगारातून कापायची. चोरी झाली असे चालक म्हणाला तर, ‘तूच विकले नाहीस कशावरून?’ हा प्रश्न. चालक चौदा तास गाडी हाकतो, ढाब्यावरच्या बाजेवर किंवा केबिनमध्ये अंग टाकतो, आणि झोपेच्या त्या चार तासांत जे घडते त्याचाही जबाबदार तोच. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही.

ही कपात बेकायदा आहे, हे किती चालकांना ठाऊक आहे? ताब्यात दिलेल्या वस्तूची हानी कामगाराच्या हयगयीमुळेच झाली असेल तरच वेतनातून कपात करता येते, आणि तीही त्याला आपली बाजू मांडण्याची संधी दिल्यानंतरच. १९३६ च्या वेतन प्रदान कायद्यात हे तत्त्व होते आणि २०१९ च्या वेतन संहितेतही ते कायम आहे. रात्री परक्या माणसाने टाकी फोडली ही चालकाची हयगय होत नाही. परंतु चोरी झाली हे सिद्ध करायला कागद लागतो आणि तो कागद पोलीस ठाण्यातून येतो. नव्या कायद्याने नेमका तेथेच घाव घातला आहे.

दीडशेच्या घरात विरोधी खासदार निलंबित असताना डिसेंबर २०२३ मध्ये संसदेने भारतीय न्याय संहिता आणि तिच्या जोडीची नागरिक सुरक्षा संहिता मंजूर केली. जुन्या दंडसंहितेच्या ३७९ कलमाखाली चोरी, मग ती कितीही रुपयांची असो, दखलपात्र गुन्हा होती. नव्या संहितेच्या ३०३ कलमात पाच हजार रुपयांची रेघ ओढली गेली. त्याहून कमी किमतीची वस्तू चोरणारा पहिल्यांदाच दोषी ठरला आणि त्याने वस्तू किंवा तिची किंमत परत केली तर त्याला सामुदायिक सेवेची शिक्षा. आणि असा गुन्हा अदखलपात्र, जामीनपात्र. अदखलपात्र याचा अर्थ, दंडाधिकाऱ्याच्या आदेशावाचून पोलिसाला तपासाचा अधिकारच नाही. लिटरला नव्वद रुपये धरले तर पन्नास लिटर डिझेल चार हजार पाचशे रुपयांचे होते. म्हणजे एका ट्रकमधून एका रात्री जेवढे डिझेल कॅनने वाहून नेता येते, त्याला कायद्यानेच अभय मिळाल्यासारखे आहे. फोडलेली टाकी चोरीच्या किमतीत धरली जात नाही. किरकोळ नासधूस जुन्या कायद्यातही अदखलपात्रच होती.

पूर्वीचे पोलीस तत्परतेने फिर्याद घेत होते असा आमचा दावा नाही. तेव्हाही ‘एनसी करून जा’ हेच उत्तर मिळे. पण तेव्हा ती टाळाटाळ बेकायदा होती. तिच्याविरुद्ध अर्ज करता येई, ठाणेदाराला जाब विचारता येई. आता त्या टाळाटाळीलाच कायद्याचे छत्र लाभले आहे. आणि पाच हजार ही रक्कम क्षुल्लक कोणाला? २०२५–२६ साली महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. त्या मजुरीने पाच हजार जमवायला सोळा दिवस राबावे लागते. सोळा दिवसांच्या घामाची चोरी दखल घेण्याजोगी नाही, असे हा कायदा सांगतो.

येथे आपल्यातीलच काही सहृदय मित्र आक्षेप घेतील. ते म्हणतील, चोर तरी कोण आहे? बेकार तरुण. त्याला तुरुंगात डांबण्याची मागणी समाजवाद्यांनी करावी काय? आक्षेप प्रामाणिक आहे, म्हणून त्याचे उत्तरही सरळ दिले पाहिजे. पहिल्या लहान गुन्ह्याला तुरुंगाऐवजी समाजाचे काम द्यावे, हे तत्त्व आम्हांला मान्य आहे. शिक्षा सौम्य करावी. तपास मात्र बंद करू नये. ज्या चोरीचा तपासच होणार नाही तिचा चोर सापडणार कसा, आणि न सापडलेल्या चोराकडून सामुदायिक सेवा करून घेणार कोण? सुधारणेचे नाव घेऊन ओढलेल्या या रेघेने बेकार तरुणाला सुधारले नाही. तिने संरक्षण दिले ते त्याच्याकडून माल घेणाऱ्याला.

सारा मुद्दा या खरेदीदाराशी येऊन थांबतो. चोर काही डिझेल पीत नाही. पन्नास लिटर डिझेल पहाटेपर्यंत कोणीतरी ड्रममध्ये ओतून घेतो, पंपापेक्षा कमी भावात घेतो आणि कोठेतरी खपवितो. २०२० च्या मे महिन्यात टाळेबंदीत लोक घरी बसले असताना केंद्राने डिझेलवरचे शुल्क लिटरमागे तेरा रुपयांनी वाढविले होते. पुढे त्यात कपात झाली, तरी इंधन स्वस्त झाले नाही. इंधन जितके महाग, तितका चोरीच्या मालाला भाव. या गणितात भोक पाडणाऱ्याच्या वाट्याला थोडे आणि ड्रमवाल्याच्या वाट्याला पुष्कळ येते.

हा ड्रमवाला किती बलवान होऊ शकतो हे महाराष्ट्राने पाहिले आहे. २५ जानेवारी २०११ रोजी, प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या दिवशी, मनमाडजवळ पानेवाडी येथे मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना भर दिवसा जिवंत जाळण्यात आले. तेल कंपन्यांच्या डेपोंच्या परिसरात टँकरमधून चाललेली इंधनाची चोरी आणि भेसळ त्यांनी हटकली, एवढाच त्यांचा अपराध. मुख्य आरोपी त्याच आगीत भाजून काही दिवसांनी मेला. पण असे अड्डे एका माणसाच्या बळावर उभे राहत नसतात. त्या वेळी रेशनचे रॉकेल डिझेलच्या निम्म्याहूनही कमी दराचे होते आणि त्या फरकावर गोरगरिबांच्या स्टोव्हचे इंधन टँकरांत जात होते. लाखो सरकारी कर्मचाऱ्यांनी काम बंद ठेवून निषेध केला, राज्यभर छापे पडले, मग सारे शांत झाले. पुढे रॉकेलचे अनुदान संपले, पण चोरीचे इंधन विकत घेणारा बाजार संपला नाही. एका अपर जिल्हाधिकाऱ्याला जाळण्याइतकी ज्याची मजल जाते, त्याच्यापुढे ढाब्यावर झोपलेल्या चालकाची काय कथा?

कायद्यात या बाजाराला हात घालणारी कलमे नाहीत असेही नाही. त्याच न्याय संहितेचे ११२ वे कलम टोळीने केलेल्या लहान चोऱ्यांना संघटित गुन्हा मानते, त्यात वाहनातून केलेली चोरी स्पष्ट शब्दांत नमूद आहे, आणि शिक्षा एक ते सात वर्षांची आहे. ३१७ वे कलम चोरीचा माल घेणाऱ्यासाठी आहे. सराईत खरेदीदाराला ते जन्मठेपेपर्यंत नेऊ शकते. परवान्यावाचून डिझेलचा धंदा करणाऱ्यावर अत्यावश्यक वस्तू कायद्याखाली कारवाई होऊ शकते. हत्यारे आहेत, ती उचलण्याची इच्छा नाही.

ती इच्छा निर्माण करणे हे आपले काम आहे. एकेका चालकाची चार हजारांची तक्रार अदखलपात्र म्हणून फेटाळता येते. पण एकाच ढाब्यावर एकाच रात्री चार ट्रक फुटले असतील, तर चौघांनी एकत्र तक्रार द्यावी आणि ११२ व्या कलमाचा उल्लेख करावा, म्हणजे टोळीचा प्रश्न ठाणेदाराला टाळता येणार नाही. गाडी हलविण्यापूर्वी टाकीची व सांडलेल्या इंधनाची छायाचित्रे घ्यावीत, पंपाची पावती जपावी, टाकीच्या दुरुस्तीचे बिल तक्रारीला जोडावे. फिर्याद घेण्यास नकार मिळाला तर नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३ व्या कलमानुसार पोलीस अधीक्षकांकडे आणि नंतर दंडाधिकाऱ्यांकडे जावे. मालकाने पगार कापला तर ती कपात लेखी मागावी आणि कामगार कार्यालयात आव्हान द्यावे. वणी आणि पांढरकवडा येथील आपल्या शाखांनी एवढे काम अंगावर घेतले, तर चालकांना प्रथमच कोणीतरी आपल्या बाजूने उभे असल्याचे दिसेल. त्याबरोबर दोन मागण्या सातत्याने लावून धराव्यात: महामार्गावर आणि खाणींच्या रस्त्यांवर उजेडाचे, पहाऱ्याचे ट्रकथांबे, आणि पाच हजारांची ती रेघ रद्द.

कायदा केंद्राचा, आपण काय करणार, असे कोणी म्हणू नये. याच न्याय संहितेच्या १०६ व्या कलमात, अपघातानंतर न कळविता निघून गेलेल्या चालकाला दहा वर्षांपर्यंत कैद सांगितली होती. चालकाच्या गुन्ह्याला दहा वर्षे आणि चालकावर झालेल्या चोरीची दखलही नाही, असा या संहितेचा न्याय! जानेवारी २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत देशभरचे चालक चाके थांबवून बसले, महाराष्ट्रातील पंपांवर रांगा लागल्या, आणि सरकारला वाटाघाटीला बसावे लागले. संहिता लागू झाली तेव्हा ते उपकलम बाजूला ठेवावे लागले. ज्यांनी दोन दिवसांत दहा वर्षांची कैद थोपविली, त्यांना पाच हजारांची एक रेघ पुसता येणार नाही काय?