मांजराचे पिल्लू म्हणजे छोटा कुत्रा नव्हे

घरात मांजरी व्याली, पिल्ले महिन्याभराची झाली आणि एके दिवशी त्यांच्या पोटाशी तुरुतुरु पळणाऱ्या तपकिरी पिसवा दिसल्या, तर तुम्ही काय कराल? बहुधा “यावर औषध कोणते?” असे विचाराल. मीही तेच केले होते. शेजारी कुत्र्यासाठी आणलेली पावडर होती. ती चिमूटभर तीन पिल्लांना चोळली. संध्याकाळी त्यांतले एक थरथरू लागले आणि रात्री गेले. वर्गात मोजमापाचे महत्त्व सांगणाऱ्या माणसाने औषध चिमटीने मोजले होते!

आपण एक साधा हिशेब करू. पिल्लाची लांबी, रुंदी, उंची मोठ्या मांजराच्या निम्मी धरा. त्याचे आकारमान एक-अष्टमांश होईल, पण कातडीचे क्षेत्रफळ एक-चतुर्थांश. म्हणजे दर ग्रॅम वजनामागे कातडी दुप्पट! औषध आत शिरण्याची वाट दुप्पट आणि अंगातली उष्णता बाहेर जाण्याचीही दुप्पट. शिवाय अंगाला लावलेले सारे चाटण्यातून पोटात जाते. कुत्र्यांच्या कित्येक औषधांत परमेथ्रिन असते. मांजराच्या यकृताला ते लवकर निष्प्रभ करता येत नाही. म्हणून कुत्र्याला सोसते ते मांजराला विष ठरते. रॉकेल, कापूर, डांबरगोळ्या हे उपायही तितकेच घातक.

मग करायचे काय? माझ्या मते पहिला प्रश्न औषधाचा नाहीच, “पिसू वाढते कोठे?” हा आहे. पिल्लाच्या अंगावर दिसते ती प्रौढ पिसू. मादी दिवसाला चाळीसच्या आसपास अंडी घालू शकते. ती गुळगुळीत असल्याने खाली गळतात. अळ्या गोणपाटात, फरशीच्या भेगांत वाढतात. कोशातील पिसू आठवडेच्या आठवडे दबा धरून राहते. ऊब मिळाली, हादरा बसला की बाहेर पडते. म्हणून पिल्लाचे अंथरूण दर दोन-तीन दिवसांनी गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवा, कोपरे झाडा आणि हे काही आठवडे नेटाने चालू ठेवा.

पिल्लासाठी बारीक दातांची फणी पुरे. रोज मानेपासून शेपटीकडे हळूहळू फिरवा आणि फणीत सापडलेल्या पिसवा साबणाच्या पाण्यात बुडवा. साध्या पाण्यावर पृष्ठताणामुळे पिसू तरंगू शकते. साबणाने तो कमी होतो आणि ती बुडते. पिल्लाला मात्र भिजवून तसेच ठेवू नका. वरचा हिशेब आठवा, ते झपाट्याने गारठते.

फणीला लागलेले काळे कण ओल्या पांढऱ्या कागदावर ठेवून पाहा. तांबूस डाग पसरला, तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पिल्लाचेच पचलेले रक्त. एवढ्याशा जिवाला हे रक्त फार मोलाचे असते. हिरड्या फिकट दिसल्या किंवा पिल्लू मलूल झाले, तर त्याच दिवशी जनावरांच्या डॉक्टरांकडे न्या. औषध द्यायचेच असेल, तर तेही पिल्लाचे वय व वजन सांगून त्यांनाच विचारा.

शिक्षक बंधुभगिनींनो, क्षेत्रफळ आणि घनफळ शिकवताना हे उदाहरण जरूर घ्या. मला ते गणित येत होते. वेळेवर आठवले नाही, एवढेच. तुमच्या विद्यार्थ्यांना ते आठवावे.