वाऱ्याची वाट कोण अडवतं?

संध्याकाळी गच्चीवर गेलं, की घरातली वडील मंडळी हमखास म्हणतात, "पूर्वीसारखा वारा राहिला नाही बघ." आपण हसून सोडून देतो. पण या बोलण्यात तथ्य असू शकतं!

हवामान केंद्रांत साधारणपणे जमिनीपासून १० मीटर उंचीवर वाऱ्याचा वेग मोजतात. फ्रान्समधील रॉबर्ट वोतार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी युरोप, आशिया व अमेरिकेतल्या मिळून ८२२ केंद्रांच्या १९७९ ते २००८ या काळातल्या नोंदी तपासल्या. २०१० साली त्यांनी निष्कर्ष जाहीर केला. जमिनीलगतचा वारा बहुतेक ठिकाणी ५ ते १५ टक्क्यांनी मंदावला होता. गंमत म्हणजे फुग्यांबरोबर सोडलेल्या उपकरणांनी मोजलेला उंचावरचा वारा मात्र तसा मंदावलेला नव्हता. म्हणजे वारा अडखळत होता तो जमिनीपाशीच.

गुळगुळीत फरशीवर चेंडू लांब घरंगळतो, गवतात लवकर थांबतो. वाऱ्याचंही तसंच. मोकळ्या माळावर तो सुसाट सुटतो. झाडी, इमारती आल्या की त्याचा वेग खर्ची पडतो. जळगावकडे केळीच्या बागेभोवती शेवरीची दाट रांग लावतात, ती याचसाठी. वाऱ्याचा जोर ती आपल्या अंगावर घेते.

वोतार यांच्या हिशेबानं वारा मंदावण्यात २५ ते ६० टक्के वाटा अशा अडथळ्यांचा असू शकतो. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ कोसळला, तिथली कितीतरी शेतं पडीक राहिली आणि त्यांवर झाडंझुडपं माजली. हेही त्यातलंच.

मात्र सगळा दोष जमिनीच्या माथी मारून चालणार नाही. २०१० च्या सुमारास वारा पुन्हा वेग धरू लागला, असं २०१९ मधल्या दुसऱ्या एका अभ्यासात दिसलं. झाडं आणि इमारती तर जागच्या जागीच होत्या! तेव्हा समुद्र आणि वातावरणातल्या मोठ्या हेलकाव्यांचाही यात हात असतो.

वेगातला थोडा फरकही महागात पडतो. वेग १० टक्क्यांनी घटला, तर पवनचक्कीपर्यंत पोचणारी वाऱ्यातली ऊर्जा सुमारे २७ टक्क्यांनी घटते. आणि गल्लीतला वारा अडला, की तापलेल्या भिंतींची धग अन् गाड्यांचा धूर तिथंच घुटमळतो.

म्हणून झाडांवर कुऱ्हाड चालवायची का? मुळीच नाही. सावलीही वाऱ्याइतकीच मोलाची. समुद्राचे हेलकावे आपल्या हाती नाहीत. पण नवी इमारत, उंच कुंपणभिंत कुठं उभी करायची, हे तर आहे ना? सोसायटीच्या नकाशावर सही करण्यापूर्वी एवढंच विचारा : इथं वारा कुठून येतो, आणि आता तो जाणार कुठून?