पंचाहत्तर वर्षांचा साक्षीदार आणायचा कुठून?

नागझिऱ्याच्या चोरखमारा फाटकावर जिप्सीत बसणारे शहरी पाहुणे हमखास म्हणतात, ‘इथल्या हवेत माणूस शंभर वर्षे जगेल.’ त्याच जंगलाच्या कडेला मोह वेचणाऱ्या, तेंदूपाने तोडणाऱ्या बायाबापड्यांना कोणी विचारत नाही. आम्ही विचारतो. हवा सगळ्यांना सारखी, मग आयुष्य सारखे का नाही?

दीर्घायुष्याचे शास्त्र म्हणून आज गोळ्या आणि उपवास विकले जातात. पण या शास्त्राचा भक्कम निष्कर्ष वेगळाच आहे. मायकेल मार्मट व सहकाऱ्यांनी लंडनच्या सरकारी नोकरांचा अभ्यास केला. सगळ्यांना नोकरी, सगळ्यांना सरकारी दवाखाना. तरीही शिपाई-चपराशांचे मृत्यूचे प्रमाण वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या सुमारे तिप्पट निघाले. धूम्रपान, रक्तदाब यांचा हिशेब करूनही बरेचसे अंतर उरलेच. सारांश, उतरंडीतली पायरी माणसाचे आयुष्य खाते.

आपल्याकडे ही उतरंड जन्मावर उभी आहे. शेजारच्या मध्य प्रदेश, छत्तीसगडसह नऊ राज्यांचा अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. सवर्ण हिंदूंपेक्षा आदिवासींचे आयुर्मान चार वर्षांहून अधिक, तर दलितांचे तीन वर्षांहून अधिक कमी आढळले. त्यातले निम्मे अंतरही गरिबीने स्पष्ट होत नाही. उरलेल्याचा जाब कोणाला विचारायचा?

आता कायदा पाहा. नागझिरा १९७० साली अभयारण्य झाले, २०१३ साली नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला. २००६ चा वनहक्क कायदा अभयारण्यालाही लागू आहे. मात्र जंगलावर जगणारे आमचे बौद्ध कुटुंब तिथे ‘इतर पारंपरिक वननिवासी’ ठरते. त्याने १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचे, म्हणजे ७५ वर्षांचे वास्तव्य सिद्ध करायचे. मागे मोजले तर १९३० साल येते! ज्या आजोबाचे नाव कोणत्याच दप्तराने लिहून घेतले नाही, त्याचा नातू कागद आणणार कुठून?

२००८ च्या नियमांतील नियम १३ ने एक वाट ठेवली आहे. दावेदाराखेरीज गावातील वडीलधाऱ्यांचे लेखी नोंदवलेले कथन पुरावा म्हणून चालते. म्हणजे म्हाताऱ्याची आठवण हाच दस्तऐवज. पण १९३० पाहिलेला माणूस आज नव्वदीपलीकडे असणार. बापाकडून ऐकलेलेही सत्तरी-ऐंशीत आहेत. आधी आयुष्य कापायचे आणि मग साक्षीदार मागायचा, हा कोणता न्याय?

म्हणून दोन कामे आजच करू या. ग्रामसभेच्या वनहक्क समितीने प्रत्येक वृद्धाचे कथन अंगठ्यासह नोंदवून घ्यावे. आणि २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचे कलम २० हाती घेऊन दवाखान्यात जावे. ज्येष्ठांसाठी शक्य तेवढ्या खाटा, वेगळी रांग, जिल्हा रुग्णालयात वृद्धांची खास सोय, हे त्यात लिहिलेले आहे. ती भीक नव्हे.

आमच्या आजीचे एकेक वर्ष तिच्या नातवंडांच्या जमिनीचा पुरावा आहे. तो सांभाळू या.