कापायला विमा, सावरायला नाही!

अंग बाहेर येतं, शिंकताना लघवी सुटते. सुरुवातीलाच ओटीपोटाच्या स्नायूंचे व्यायाम केले तर पुष्कळजणींना आराम पडतो. पण ते एकेकीला, आडोशाला, आठवडेच्या आठवडे शिकवावे लागतात. 2018 ची आयुष्मान भारत योजना कुटुंबाला वर्षाकाठी 5 लाखांपर्यंत खर्च देते, तो रुग्णालयात दाखल झालं तरच. म्हणजे पिशवी काढायला पैसे, व्यायामाला मात्र पदरची फी आणि बुडालेला रोज! 2019 मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या काढलेल्या पिशव्या सरकारी समितीला मोजाव्या लागल्या. बाईचं दुखणं कापल्याशिवाय खरं ठरतच नाही का? प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट बाई हवी, आणि मोफत हवी. ही भीक नाही, हक्क आहे.