कुंडी लावली, पण मे महिन्याचं काय?

१ जुलैला कृषिदिन आला की आपल्या स्टेटसवर रोपांचे फोटो दिसायला लागतात. पण तीच रोपं पुढच्या मे महिन्यात कशी आहेत, हा फोटो कुणीच टाकत नाही. मीही टाकला नाही. परीक्षा संपली, मी गावी गेलो आणि रूमच्या गच्चीवरचं माझं ताम्हण वाळून गेलं. चूक उन्हाची नव्हती, माझी होती.

१९७२ साली स्थापन झालेलं कृषी विद्यापीठ आपल्याच परभणीत आहे. तरी आपल्यातल्या अनेकांना पिशवीतलं रोप कुंडीत नीट हलवता येत नाही. बघा, काय चुकतं ते.

आपण कुंडीत थेट शेतातली काळी माती भरतो. ती कापसाला सोनं, पण कुंडीत ओली झाली की चिकटते, पाणी धरून ठेवते आणि मुळं गुदमरतात. वाळली की भेगा पडून मुळं तुटतात. म्हणून तिच्यात चांगलं कुजलेलं शेणखत आणि जाड वाळू मिसळा. कुंडी पिशवीपेक्षा दोन-तीन इंच मोठी पुरे. फार मोठ्या कुंडीत माती ओलीच राहते आणि मुळं सडतात. तळाला भोक हवंच. रोप खोडाला धरून ओढू नका, पिशवी ब्लेडनं फाडा. मुळं गोल गुंडाळली असतील तर हलक्या हातानं मोकळी करा. खोड पिशवीत होतं तेवढंच मातीत जाऊ द्या. हे काम संध्याकाळी करा आणि आठवडाभर कुंडी सावलीत ठेवा.

एवढं सगळं जमेल हो! खरा प्रश्न पुढचा आहे. चाळिशीपार उन्हात, आपण सुट्टीवर असताना पाणी कोण घालणार? रोप घ्यायच्या आधीच हे ठरवा. घरमालकीण काकूंना विचारा, इथंच राहणाऱ्या मित्राला सांगा. कुणीच नसेल तर रोप घेऊ नका, कॉलेजात आधीच लावलेलं एखादं झाड जगवा.

आणि ताम्हण हा वृक्ष आहे, कुंडी त्याचं कायमचं घर नाही. आपली रूमसुद्धा कुठं कायमची असते? एक-दोन वर्षांत परवानगी काढून त्याला जमिनीत जागा द्या. राज्याच्या या फुलाचा जांभळा बहर कॅम्पसमध्ये दिसेल, तेव्हा खुशाल सेल्फी काढा.