शिरस्त्राण : वेगासाठी की जिवासाठी?



आमच्या भागातील तरुणांस अलीकडे सायकलशर्यतींची गोडी लागली आहे. पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर २०१९ साली ‘आयर्नमॅन ७०.३’ ही स्पर्धा प्रथमच भरली. तीत पोहणे आणि धावणे यांच्या मध्ये ९० किलोमीटर सायकल चालवावी लागते. अशा स्पर्धांसाठी सराव करणारी मुले पहाटेच्या मिस्सेआधीच रस्त्यावर दिसतात, आणि घरी येऊन एक मागणी करतात : ‘एअरो’ हेल्मेट हवे. किंमत ऐकून आईबाप चकित होतात व आम्हांस विचारतात, “फादर, ही गरज की चैन?” प्रश्न रास्त आहे. तेव्हा आधी ही वस्तू काय आहे ते पाहू.

भर वाऱ्यात छत्री समोर धरून चालणाऱ्यास वाऱ्याचा अडसर समजावून सांगावा लागत नाही. सपाट रस्त्यावर ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या सायकलस्वाराची बहुतेक शक्ती वारा कापण्यातच खर्च होते. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा विरोध चौपट होतो, आणि त्यावर मात करण्यास आठपट शक्ती लागते. वाकून बसलेल्या स्वाराचे डोके वाऱ्याच्या तोंडीच असते. म्हणून या हेल्मेटास छिद्रे थोडी, पाठ गुळगुळीत व शेपूट आखूड ठेवतात. लांब शेपटीचे हेल्मेट निराळे. ते एकट्याने घड्याळाविरुद्ध धावण्याच्या शर्यतीसाठी असते, आणि मान खाली गेली की त्याची शेपटी वाऱ्यात उभी राहून लाभ नाहीसा होतो.

लाभ खरा आहे, हे नाकारता येणार नाही. १९८९ च्या ‘टूर द फ्रान्स’मध्ये शेवटच्या दिवशी अमेरिकेचा ग्रेग लेमाँड हा फ्रान्सच्या लोराँ फिन्यों याच्या ५० सेकंद मागे होता. लेमाँडने वारा कापणारे हेल्मेट घातले, पुढे झुकून धरण्याच्या दांड्या लावल्या. फिन्यों बोडक्या डोक्याने, केसांची शेंडी उडवीत निघाला. तीन हजारांहून अधिक किलोमीटरची ती शर्यत लेमाँडने अवघ्या ८ सेकंदांनी जिंकली. पुढे २०११ साली कोपनहेगनच्या जागतिक अजिंक्यपदात ब्रिटनच्या मार्क कॅव्हेंडिशने हेल्मेटाची छिद्रे आवरणाने झाकून घेतली व तो विजयी झाला.

परंतु हे सारे वीर ताशी चाळीस-पन्नास किलोमीटरने धावणारे. चोर्ला घाट धापा टाकीत चढणाऱ्या मुलास वारा कापण्याचा लाभ जवळजवळ काहीच नाही. उलट छिद्रे थोडी असल्यामुळे मे महिन्याच्या उन्हात डोके तापते. ज्याचा वेग पुष्कळ वेळ तीस-पस्तिसाच्या वर राहत नाही, त्याने हवेशीर साधे हेल्मेट घ्यावे. एवढे सांगून वेगाची गोष्ट आम्ही बाजूस ठेवतो, कारण आम्हांस अधिक महत्त्वाची वाटणारी गोष्ट दुसरीच आहे.

इटलीत कोमो सरोवराजवळच्या टेकडीवर गिसाल्लोच्या मातेचे लहानसे देऊळ आहे. परमगुरू बारावे पायस यांनी १९४९ साली या मातेस सायकलस्वारांची आश्रयदात्री म्हणून घोषित केले. त्या देवळात एक मोडकी सायकल जपून ठेवली आहे. ती फाबिओ कासार्तेल्ली याची. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये त्याने सुवर्णपदक मिळवले. १८ जुलै १९९५ रोजी पिरिनीज पर्वतातील उतारावर तो पडला आणि गेला. वय २४, घरी पत्नी आणि तान्हे मूल. डोक्यावर हेल्मेट नव्हते. ते असते तर तो वाचला असता की नाही, यावर डॉक्टरांत मतभेद झाले. पण त्यापूर्वी, १९९१ मध्येच, हेल्मेटाची सक्ती होऊ घातली होती; ‘पॅरिस–नीस’ शर्यतीत खेळाडूंनी संप केला आणि सक्ती मागे पडली. उकडते, जड वाटते, ही त्यांची तक्रार. २००३ साली त्याच शर्यतीत कझाकस्तानचा आंद्रेई किव्हिलेव्ह डोक्यास मार लागून मृत्यू पावला, तेव्हा कोठे त्याच वर्षी सक्ती आली. विचार करण्याजोगी बाब ही की जी वस्तू जीव वाचवते म्हणून नकोशी होती, तीच वेग देते म्हटल्यावर हवीशी झाली. मनुष्यस्वभाव असा आहे. आमची मुलेही त्यास अपवाद नाहीत.

आता निवड कशी करावी? नाताळचा गोठा आपण ज्या थर्माकोलचा करतो, त्याच जातीच्या पण अधिक घट्ट फेसाचे हेल्मेट बनते. पडल्यावर तो फेस दबतो आणि धक्का स्वतः सोसतो. दबलेला फेस पुन्हा फुगत नाही. म्हणून एकदा जोराने आपटलेले हेल्मेट, वरून अखंड दिसले तरी, टाकून द्यावे. आणि वापरलेले कधी विकत घेऊ नये. आत ‘ईएन १०७८’ किंवा ‘सीपीएससी’ अशी खूण पाहावी. युरोपच्या या कसोटीत हेल्मेट सुमारे दीड मीटर उंचीवरून ऐरणीवर आपटतात. एअरो असो वा साधे, कसोटी एकच. रूप हुबेहूब पण खूण नाही, अशी नक्कल स्वस्त मिळाली तरी घेऊ नये.

डोके तिरके आपटल्यास मेंदूस पीळ बसतो. तो कमी करण्यासाठी स्वीडनमधील शल्यविशारद हान्स फॉन होल्स्ट व संशोधक पीटर हाल्डिन यांनी ‘मिप्स’ नावाची आतली सरकती पाळ शोधून काढली; ती आघाताच्या क्षणी १० ते १५ मिलिमीटर सरकते. जमल्यास ती असलेले घ्यावे. अमेरिकेतील व्हर्जिनिया टेक विद्यापीठ २०१८ पासून सायकलच्या हेल्मेटांस तारे देते. तेथे माफक किमतीची कित्येक हेल्मेटे पाच तारे मिळवतात. तात्पर्य, पैसे जास्त म्हणजे रक्षण जास्त, असे नाही.

मुलास सोबत नेऊनच खरेदी करावी. भुवयांच्या वर फीत धरून डोक्याचा घेर मोजावा. हेल्मेट भुवयांपासून दोन बोटे वर, सरळ बसावे. पट्टे कानाखाली जुळावेत. हनुवटीखाली एकदोन बोटे जावीत इतकेच सैल असावे. मान हलवली तरी हेल्मेट जागचे हलता कामा नये. रंग उठून दिसणारा घ्यावा. पहाटेच्या अंधुक उजेडात काळे हेल्मेट ट्रकवाल्यास दिसत नाही. आणि सायकलचे हेल्मेट घालून मोटारसायकलवर कोणी बसू नये; त्यासाठी ‘आयएस ४१५१’ ही निराळी भारतीय खूण असलेलेच हवे.

आणखी एक गोष्ट मुलांस स्पष्ट सांगावी. त्या दीड मीटरच्या कसोटीत आदळतानाचा वेग ताशी वीस किलोमीटरहून कमीच असतो. हेल्मेट पडण्यापासून राखते. भरधाव ट्रकपासून राखील असा भरवसा त्यावर टाकू नये. १९९२ च्या कॅथोलिक धर्मशिक्षणग्रंथात पाचव्या आज्ञेखाली वेगाच्या हव्यासाने स्वतःचा व इतरांचा जीव धोक्यात घालणे गंभीर दोषाचे सांगितले आहे. ‘खून करू नको’ या आज्ञेत आपला स्वतःचा जीवही येतो, हे तरुणपणी सहसा ध्यानात येत नाही.

म्हणून आईबापांस आमची सूचना अशी. मागणी ऐकताच ‘नाही’ म्हणू नये. नीट बसणारे, खूण असलेले हेल्मेट घेऊन देणे हे कर्तव्य आहे. तेथे काटकसर नको. त्यावर एअरोसाठी लागणारे जादा पैसे मुलाने स्वतः साठवावेत, म्हणजे त्या काही सेकंदांची किंमत त्यास आपोआप कळेल. तोवर पहिल्या पैशांतून सायकलला मागचा लाल दिवा बसवावा, आणि घरातून निघताना पट्टा लावला की नाही हे आईने दारातच पाहावे.